फेस बसेपर्यंत

भेरूघाटाच्या दुसऱ्या वळणावर पहिली बाटली फुटली.
कंडक्टर म्हणाला, मावशी, बॉम्ब आहे का पिशवीत?
म्हटलं, बोरं आहेत. आंबलेली.
त्यानं पाय वर घेतले,
आणि तिथून चोरलपर्यंत सगळी बस
माझ्या मोरीच्या वासात गेली.
बारा निघाल्या होत्या. सात पोचल्या.

मेळा म्हणजे महूच्या चार पोरांनी
भाड्यानं आणलेला लग्नाचा मांडव,
"शुभविवाह"वर चिकटवलेला कागद,
गोणपाटात बर्फाच्या लाद्या,
नऊ पिंपं आणि नऊ खडूच्या पाट्या.
गव्हाची, फिकी. ज्वारीची, गढूळ.
गेल्या साली पिळलेलं जांभूळ,
घोटाबरोबर जीभ जांभळी करणारं.
आणि देवासच्या निमिष चौरेची एक,
तिच्यात जीरावण.
"पिऊन तर बघा मावशी, पोह्यांशिवाय पोहे!"
प्यायले. खरं होतं त्याचं.
पण मग पोहेच हवेसे वाटले.

इंदूरची माणसं. पेला हातात घेण्याआधी
विचारतात, सोबत काय आहे, भिया?
सेव लवंगेची का लसणाची?
पिंपांपुढं सहाजण,
कचोरीपुढं साठ.

मी तेवीस वर्षं मुलींना रसायन शिकवलं.
साखर जाते, वायू उडतो, उरते ती नशा:
फळ्यावर एका ओळीत मावायचं.
मागच्या बाकांवर खुसखुस.
बाई, तुम्ही कधी घेतलीय का,
असं विचारायची छाती एकीचीही झाली नाही.
नव्हती घेतली.

हे गेले त्या माघात अंगणातली बोर
लाज सोडून लगडली होती.
कुणीतरी बादलीभर वेचून ठेवली,
तेराव्याच्या आचाऱ्यानं उरलेला गूळ तिच्यात लोटला,
वर ताट झाकलं, आणि सगळे आपापल्या गावी गेले.
मी कुणाशी बोलत नव्हते.
एका रात्री बादलीच बोलायला लागली.
बुड्.
मग बराच वेळ काही नाही.
बुड्.

सासूबाई म्हणायच्या, आंबलं ते नासलं.
अंग आंबलंय, असं मीही म्हणायचे, शाळेतून आल्यावर.
ताट उचलून बोट बुडवलं,
चाटलं,
आणि बासष्टाव्या वर्षी त्या शब्दाशी
नव्यानं ओळख करून घेतली.

तर मांडवात मी माझी काचेची नळी काढली,
अंश मोजले, वहीत लिहिले,
परीक्षक पोरं मान डोलावत होती.
मांडवाबाहेर पळसाखाली रेमली बसली होती,
मोहाचं मडकं घेऊन, पाटीशिवाय.
पाटीचे पाचशे पडत होते.
मी तिला माझी एक बाटली दिली.
तिनं उघडली नाही.
कानाला लावली,
जशी आपण घड्याळ बंद पडलंय का बघायला लावतो,
आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"बोलतेय अजून, बेन," ती म्हणाली.
"बोलणाऱ्याच्या तोंडाला बूच मारतात का?"

माझ्या वहीत त्या रकान्याला जागा नव्हती.
मग तिनं पानाच्या द्रोणात तिची ओतली.
पहिल्या घोटाला धूर, दुसऱ्याला फूल,
तिसऱ्याला मी पदरानं डोळे पुसले
आणि ठसका लागलाय असं सांगितलं.
ती म्हणाली, लागतो.

बक्षीस अर्थातच जीरावणला.
निमिषला खांद्यावर घेऊन पोरं नाचली,
पिंप कलंडलं, सारवलेल्या जमिनीनं ज्वारीची प्यायली,
कचोरीवाल्यानं कढई पालथी घातली.
पाटीवरचा खडू घामानं कुणाच्या तरी शर्टाला लागला होता:
"बूळ", एवढंच वाचता येत होतं.

परतताना दोन बाटल्या उरल्या.
बुचं सैल करून मांडीवर उभ्या धरल्या,
एक डावीकडं, एक उजवीकडं,
आणि घाट चढताना वाकून ऐकत होते.
डावी गप्प होती.
उजवीचं काहीतरी चाललं होतं.

कंडक्टर तोच.
मला बघून त्यानं आधीच पाय वर घेतले.