मोजा

दुकानातले मोजे जुळे असतात.
माझे पाय नाहीत.
डाव्याची तीन बोटं एका फेब्रुवारीत
गोठलेल्या समुद्राने ठेवून घेतली,
मुहू बेटावरून पलीकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर.
तेव्हापासून प्रत्येक मोज्याच्या टोकाशी
रिकामं कापड गोळा होतं,
बुटात मुडपतं,
संध्याकाळी कातडी सोललेली.

म्हणून बुधवारी ग्रंथालयात गेलो.
सात बायका, चहाची किटली, आणि मी.
वीवेने हातात पाच सुया दिल्या.
जाळी सांधणारे हात, तिला वाटलं, पटकन शिकतील.
जाळ्याला भोकं लागतात, वीवे.
इथे भोक म्हणजे चूक.

साठ टाके, चार सुयांवर पंधरा-पंधरा,
पाचवी रिकामी, सगळं काम तिचंच.
दोन सुलट, दोन उलट.
लोकर करड्या मेंढीची, न रंगवलेली,
अजून तिला ओल्या गोठ्याचा वास.
मी इतकं आवळून विणायचो
की सुई करकरायची, पुढे सरकायची नाही.
"होडी बांधायची नाहीये, हिंद्रेक,"
म्हाताऱ्या साल्मेने बोटांवर टिचकी मारली.
"मोजा," वीवे दर फेरीला म्हणायची.
मी मोजायचो. अठ्ठावन्न.
पुन्हा मोजायचो. एकसष्ट.

टाच मात्र सांगून समजत नाही.
अर्धे टाके थांबवून ठेवायचे,
उरलेल्यांवर नुसतं जायचं, यायचं,
मग मध्याच्या जरा पुढे
दोन टाके एकत्र घेऊन मागे फिरायचं,
कडेला न पोचताच.
माझा सगळा जन्म कडेपर्यंत जाण्यात गेला.
तीनदा उसवलं.
चौथ्यांदा, जानेवारीतली दुपार,
साडेतीनलाच दिवे लावलेले,
सपाट विणीला अचानक वाटीचा आकार आला.
ती मुठीवर चढवून बघत बसलो
चहा निवेपर्यंत.

उजवा झाला. बरा झाला.
डाव्यासाठी वीवे मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसली.
"पाय दाखवा."
एकवीस वर्षं डॉक्टरशिवाय कुणी पाहिला नव्हता.
सुया थांबल्या. किटली तेवढी बोलत राहिली.
साल्मेने चष्मा लावला, वाकून पाहिलं.
"अंगठ्याकडून टाके हळूहळू कमी कर,
करंगळीकडून झपाझप.
उतार दे. छपराला देतात तसा."
बस्स. परत तिच्या हातमोज्यात गुंतली.

शेवटचे आठ टाके. त्यांतून धागा ओवला, ओढला.
बूट चढवला, बाहेर पडलो.
रस्त्यावर वितळल्या बर्फाचा चिखल.
ग्रंथालय ते धक्का, आणि परत.
पुढे काहीच गोळा झालं नाही.
घोट्याशी एक टाका उलटा पडलाय,
कुठे ते मला माहीत आहे, असू दे.
पण आता उजवा जरा सैल वाटतो.
तो उसवायला घेतलाय.