खांडेपारकर, मध्ये जागा न सोडता

नोकरी गेली त्या शुक्रवारी
ड्रॉवरमधली बडीशेप आणि एक जुना स्वेटर घेऊन मी निघाले.
विमा मात्र महिनाअखेरपर्यंत तिथेच बसून राहिला,
शेवटचा दिवा मालवायला थांबलेल्या शिपायासारखा.

मग लिफाफा आला.
कायद्याचं नाव कोब्रा.
आमच्याकडे नागाला वर्षातून एकदा दूध दाखवतात.
ह्याला दर एक तारखेला
एकोणीसशे अठ्ठेचाळीस डॉलर:
हप्ता सगळाच्या सगळा, वर दोन टक्के कागदपत्रांचे.
एकशे दोन.
हा आकडा थर्मामीटरवर दिसला
की आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन उशाशी बसायची.

हो म्हणायला साठ दिवस असतात.
एकोणचाळीस दिवस मी हिशेब करत होते,
घरभाडं, ओजसची फी, गाडीचे टायर.
चाळिसाव्या दिवशी पित्ताशयानेच
माझ्या वतीने हो म्हटलं.

हार्टफर्ड हे विम्याचं गाव.
ऑपरेशननंतर खिडकीतून दिसायच्या
कंपन्यांच्या इमारती, रात्रभर उजळलेल्या.
उगाच वाटायचं, कुणीतरी जागं आहे.

सहा आठवड्यांनी बिल:
एकतीस हजार चारशे सात.
सेवेच्या तारखेला विमा अस्तित्वात नाही.
पण चेक तर वटला होता!

तिसऱ्या दिवशी, पावणेदोन तासांच्या पियानोनंतर,
डार्लीन नावाच्या बाईने शोधून काढलं:
माझं आडनाव त्यांच्या रकान्यात मावलं नव्हतं.
मध्येच तुटलं होतं.
खांडे नावाची बाई वेळेवर पैसे भरते,
तिला काहीही झालेलं नाही.
पारकर नावाची बाई आजारी पडली,
तिने दमडी दिलेली नाही.

"ह्यातल्या तुम्ही कोण?"
डार्लीनने खरंच विचारलं.
सांगणार होते, खांडेपार हे गाव आहे,
नदीकाठचं, पणजोबांनी सोडलेलं.
पण बोलणं रेकॉर्ड होत होतं,
म्हणून नुसतं म्हटलं, दोघी.

तेव्हापासून मला पारकरची काळजी वाटते.
खांडे खमकी आहे. पावत्या जपते,
कुणाशी बोलली, किती वाजता, वहीत टिपून ठेवते.
पारकर रात्री उठून बरगडीखालचे टाके चाचपते.
वसुलीवाल्यांचे फोन तिलाच येतात,
पाकिटं ती उघडतच नाही,
फ्रीजवर ठेवते, ब्रेडच्या मागे.
परवा खांडेने तिला आलं घालून चहा करून दिला.
कप एकच होता.

अपिलाला एकशे ऐंशी दिवस.
आज एकशे एकाहत्तरावा. पोस्टात रांग,
बुटांखाली बर्फाचं काळं पाणी.
पाकिटावर मी आडनाव लिहिलं
पेन न उचलता,
अक्षराला अक्षर चिकटवून,
थंडीत माणसं सरकून बसतात तसं.

काउंटरवरचा माणूस म्हणाला,
हे नीट वाचता येत नाहीये.
म्हटलं, असू दे.
एकाच बाईचं आहे.