पहिली मूठ

घाट चढून वर आलं की आधी बैल थांबायचे,
माणसं मागून.
गोणीच्या तोंडाची दोरी सुटायची
आणि मिठाची पहिली मूठ
सातेरीच्या वारुळापाशी पडायची.
मग जांबोटी, मग खानापूर,
मग बेळगावच्या पेठेतला भाव.

हे मी रोज साडेदहाला सांगतो.
शनिवार-रविवारी दोनदा.
छातीवर बिल्ला आहे, त्यावर रवी.
रवळू म्हणायला पाहुण्यांना जड जातं म्हणे.
आई अजून पूर्ण नावानं हाक मारते,
कुंपणाच्या पलीकडून.

रिसॉर्टचं नाव सागरदर्शन.
समुद्र इथून दिसतो, वर्षातल्या चार-पाच सकाळी,
गोव्याच्या अंगाला, नखाएवढी चकाकी.
बाकीचे दिवस धुकं.
त्याचेही पैसे घेतात.

मष्णूआजा बैलांबरोबर घाट उतरलेला,
आता तेवढा एकच उरलाय.
त्याला एकदा मुंडासं बांधून खुर्चीत बसवलं,
पाहुण्यांसमोर.
तो मिठाबद्दल बोललाच नाही.
पोर्तुगीज असताना, नाकाबंदीत,
गोणीच्या तळाशी घड्याळं कशी यायची
आणि एक कसं मिठात भिजून बंद पडलं,
तेच सांगत बसला, हसत.
दुसऱ्या दिवशी खुर्ची हलवली.

सोमवारी बेळगावहून दोघे आले, पंप घेऊन.
कागद कन्नडात होता, खाली इंग्रजीत.
वाळवी नियंत्रण.
मी म्हणालो, हे वारूळ नाही, दैवत आहे.
म्हणजे, वारूळच आहे, पण.
मॅनेजर वाईट माणूस नाही.
म्हणाला, मूर्ती बसवू, चांगली, काळ्या दगडाची,
खालून दिवे सोडू.
पण हे काढावंच लागेल, डेक लाकडाचा आहे.
आई म्हणाली,
"देवीला घर बांधूलाल्यात म्हणं,
तिचं घर मोडून."

सातेरीला कुणी घडवत नाही.
ती आपली आपण वाढते, ओल्या मातीनं, रात्री,
गेल्या साली गुडघ्याला, औंदा कमरेला.
हे मला इंग्रजीत सांगता येत होतं.
पंप सुरू झाला तेव्हा
मराठीतही आलं नाही.

आता तिथं मूर्ती आहे.
पाहुणे हात जोडतात, मनापासून जोडतात.
मीही.
साडेदहाची गोष्ट तीच आहे,
फक्त मूठ कुठं पडायची ते दाखवताना
माझा हात थोडा डावीकडे जातो,
जिथं आता कपडे बदलायची खोली आहे.

परवा साफसफाईला माणूस कमी होता,
मी गेलो.
खोली नंबर सातच्या चौकटीवर, खालच्या कोपऱ्यात,
मातीची एक रेघ.
करंगळीएवढी. ओली.
फडकं हातात होतं.
ते खांद्यावर टाकलं,
चहाच्या ट्रेमधली मिठाची पुडी फोडली.
मूठ भरेल एवढं नव्हतंच त्यात.