अर्धं क्रेडिट

गणिताची तीन क्रेडिटं, तरच टोपी आणि झगा.
वास्काची अडीच.
उरलेलं अर्धं गेल्या एप्रिलात
हेरिंगच्या जाळ्यात अडकून राहिलं.

अलास्कातली डिसेंबरची दुपार पाचच्या आत विझते.
जादा तासाला तो एकटाच,
बुटांवरचा बर्फ वितळून टेबलाखाली डबकं.
त्रिकोणमिती मला नाही जमत, म्हणतो
आणि वहीच्या समासात
उद्याची भरती-ओहोटी काढत बसतो,
वर, खाली, पुन्हा वर, पेन न उचलता.

सांगणार होते, अरे, हीच ती साइनची रेघ.
नाही सांगितलं.
असलं काही ऐकून मुलं पास होत नाहीत.
मागे ओल्गालाही सांगितलं होतं;
ती मासळीच्या कारखान्यात लागली,
दुकानात भेटली की छान हसते.

म्हणून सातवं उदाहरण. पुन्हा सातवं.
चिन्ह चुकलं. खोडरबराचा चुरा.
समुपदेशक बाईंचा फॉर्म माझ्या फाइलीत,
सहीची जागा कोरी.

आठव्याला मान वर न करताच त्यानं विचारलं,
'हे एप्रिलच्या आत संपेल ना?
हेरिंग कुणासाठी थांबत नाहीत.'