आठशे शहाण्णव

डेड स्टॉक रजिस्टर, पान एकशे बारा.
रकाना चौथा : कोठून प्राप्त.
सात वर्षं मी तिथं एकच शब्द लिहीत आले, शासन.
मग शासन यायचं थांबलं.
अंगडी मॅडमच्या सहीची पत्रं बेंगळूरला जायची,
उत्तर म्हणून नुसता आवक क्रमांक यायचा.
तोवर लॅबमधले पडदे एकेक करून डोळे मिटत गेले
आणि उरलेल्यांपुढं चार-चार पोरं,
पंगतीत पानं कमी पडल्यागत.

आता रकान्यात नावं येतात.
उद्यमबाग, कल्लाप्पा यळ्ळूरकर, फौंड्रीवाले : संगणक चाळीस.
खडेबाजार, एक बॅटरीवाले : यूपीएस दोन, जुने, खरं चालणारे.
परदेश, माजी विद्यार्थी : सर्व्हर एक,
सोबत अकरा पानं अटी.
निपाणी, शकीला बागवान, विडी कामगार : रुपये साडेतीनशे.

हजाराखाली पावती फाडत नाहीत आमच्यात.
बाईंची मुलगी इथंच शिकून गेली.
सुट्ट्या नोटा, नोटांना तंबाखूचा वास.
मी पावती फाडली.
ऑडिटवाल्यांना सांगेन,
सतरा नंबरच्या मशीनला माउस आलाय, दाबून बघा.

चाळीस संगणकांपायी एक संगमरवरी पाटी ठरली.
आणि पाटी म्हटलं की आमच्या मुलखात
अक्षर कोरायच्या आधी दगड तापतो.
कुणी म्हणालं कन्नडच. कुणी म्हणालं,
दाता घरात काय बोलतो ते विचारा.
रजिस्ट्रार म्हणाले इंग्रजीत घाला, कटकट नको.
इंग्रजीत तीनदा लिहून बघितलं,
तिन्ही वेळा यळ्ळूरकरांचा ळ मेला.
पाटी माझ्या स्टोअरात आहे, कोरी.
दुपारी तिच्यावर मी डबा उघडते.

हुक्केरीची सावित्री बडिगेर, शेवटच्या वर्षाची,
दात्यांची यादी मशीनवर चढवायला बसली.
एका लिपीत शोधलं तर दुसरीतला माणूस सापडेना.
चौथ्या दिवशी मला हाक मारली,
"ताई, हे बघा की.
मशीनला तुमचा ळ म्हणजे दोन हजार तीनशे पंचावन्न.
आमचा ळ, तीन हजार दोनशे एक्कावन्न.
वजा करा."
आठशे शहाण्णव.
"आता क." तेवढेच.
"म घ्या." तेवढेच.
रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर
मी अख्खी बाराखडी वजा करत बसले,
चहा निवला.

मला लगेच गहिवरून आलं असं नाही.
माझ्या काकाच्या कपाळावर आंदोलनातले पाच टाके आहेत,
ते कशातूनही वजा होत नाहीत.
खरं त्या दिवसापासून
बसच्या पाटीवरचं कन्नड मी तोंडात घोळवते,
मनातल्या मनात आकडा काढून टाकते,
आणि हत्तरगीचा ह
माझ्या ह सारखा ऐकू येतो. कधीकधी.

यळ्ळूरकर आले फौंड्रीची सुट्टी धरून.
नखांत काळी रेती.
पाटीचं विचारलंच नाही.
मॅडमनी आणलेली शाल खुर्चीवरच राहिली,
ते सरळ मशीनच्या पाठीमागं गेले
आणि तळहात लावला,
लेथच्या बेअरिंगला लावतात तसा.
"तापायलंय की हे.
पंख्यात धूळ बसलीया. ब्रश आहे काय वं?"

ब्रश होता. घरून आणलेला.
चौरंगावर बसल्यागत मांडी घालून बसले फरशीवर,
एकेक झाकण उघडलं, फुंकलं, पुसलं.
सावित्री स्क्रू धरून उभी,
कन्नडमध्ये विचारायची, ते मराठीत सांगायचे,
कुणाचंच काही अडलं नाही.

चाळीसातले सहा झाले आणि लाईट गेली.
यूपीएस दोन्ही एकदम केकाटले.
"राहिलेले पुढल्या सुट्टीला," म्हणाले,
आणि गेले, ब्रश खिशात घालून.

ब्रश माझा होता.