गोडी वाढली तेव्हा

रात्री अडीचला विल्डर आहुआनारीची होडी धक्क्याला लागते.
यारिनाकोचाचं पाणी यंदा लवकर चढलं,
काठची झुडपं गळ्यापर्यंत बुडाली,
तेव्हा फळं होडीतूनच तोडली,
काही लाल, काही अजून हिरवट.
कामू-कामू. बोराएवढं फळ,
आणि इतकं आंबट की पहिल्या घासाला
माणूस एक डोळा मिटतो.

मी टोपल्यांवर ओलं गोणपाट टाकते, घड्याळ बघते.
विल्डर हसतो, एदिल्सा, फळ आहे हे, बाळंतीण नव्हे.
मी म्हणते, देठ तुटला त्या क्षणापासून
हे आपल्या गाठीचं वाऱ्याला वाटत सुटतं,
कुणी मागितलेलं नसताना.
उन्हालाही देतं. जुन्या पंपाच्या पितळी तोटीला तर
सगळ्यात जास्त द्यायचं;
ती तोटी मी भांडून काढायला लावली.

तीन वाजता बशीएवढ्या दिव्याखाली
निळं औषध थेंब थेंब सोडते पातळ रसात.
निळा पडतो, विरतो. पडतो, विरतो.
मग एक थेंब गुलाबी होतो आणि तसाच राहतो.
तिथे हात थांबवायचा.
जेवढे थेंब विरले, तेवढं फळात शिल्लक होतं.
होडीवर शंभर धरले, तर गर काढल्यावर त्र्याण्णव.
सातांचा हिशोब मी अजून शोधते आहे.

ऑक्सापाम्पाच्या डोंगरातून याकोन येतं,
मातीतलं, रताळ्याच्या अंगाचं.
त्यातली साखर आपल्याला पचत नाही
आणि म्हणूनच ती हवी.
कड्या कड्या जोडलेली, पोटातून न उघडता जाते
थेट तळच्या आळीत,
जिथे आपली कधीच न पाहिलेली वस्ती
उपाशी बसलेली असते.
तो डबा त्यांच्या नावाचा आहे.
आपण फक्त वाटेत उघडायचा नाही.

अठ्ठ्याऐंशी अंश, वीस सेकंद, लगेच गार.
एवढीच माझी नोकरी.

मंगळवारी वीज गेली.
जनरेटर खोकला, गप्प झाला,
आणि चारशे लिटर रस त्या आंबटात, त्या आचेत
अकरा मिनिटं अडकून पडला.
मी नळीला ओली फडकी गुंडाळत होते,
जणू तापातलं पोर.

सकाळी लिमाहून आलेल्या रेतामोसो साहेबांनी
नेमकी तीच बाटली उचलली.
एक घोट. भुवया वर.
हे! हेच हवं होतं! इतके दिवस कुठे होतं हे?
दोन फिदेन्सिओंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं लॉटरी लागलेला माणूस तिकिटाकडे बघतो.

मी चाखून पाहिलं.
गोड होतं. आधीपेक्षा नक्की गोड.
कड्या तुटल्या होत्या,
आणि सुटी झालेली साखर जिभेवरच खर्च होते,
खाली काही पोचत नाही.
हे मी सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले,
पण गिऱ्हाइकाला जीभ असते, बाई.
खरं आहे. जिभेला तोंड असतं.
तळच्या आळीला कोण विचारणार,
तिथून तक्रारीचं पत्र येत नाही.

वहीतला सहीचा रकाना मी कोरा ठेवला.
दोन फिदेन्सिओ ओरडले नाहीत, हेच वाईट होतं.
खिडकीशी गेले, नदीकडे बघत उभे राहिले,
मग म्हणाले, साधा रस म्हणून विकू.
चिठ्ठ्या बदला.

सहाशे चाळीस बाटल्या.
ओल्या अंगठ्याने एकेक चिठ्ठी सोलत
विल्डर आणि मी धक्क्यावर बसलो,
डिंक नखांत, डास कानांत.
उजाडताना त्याने एक बाटली फोडली,
अर्धी मला दिली.

छान होता रस.
खोटं कशाला बोलू.