एका चपलेची जागा

रात्रपाळीच्या शेवटी, चारच्या सुमाराला,
रांगेत माणूस एकही नसतो.
नुसत्या चपला.
यसोथोनचं सरकारी इस्पितळ, डोळ्यांचा विभाग,
खिडकी क्रमांक तीनपासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत
एकामागे एक, टोकं खिडकीकडे.

माणसं कडेला, चटयांवर.
कुणी चिकट भाताचा मुटका वळतंय,
कुणी लॉटरीच्या आकड्यावरून हमरीतुमरीवर आलंय,
कुणी शेजारणीच्या खांद्यावर कलंडलंय.
रांग त्यांच्या वतीने उभी आहे,
आणि रांगेचे गुडघे दुखत नाहीत.

नियम कुठे लावलेले नाहीत.
एक जोड, एक माणूस.
संडासला जायचं तर अनवाणी जायचं,
आपलीच चप्पल उचलली तरी जागा गेली.
आणि दुसऱ्याची चप्पल पायाने लोटायची नाही,
वाकायचं, हाताने सरकवायची,
झोपलेल्याचीसुद्धा.
तेवीस वर्षं मी हे वाकणं बघतोय.
देवळात इतकं वाकत नाहीत लोक.

मागच्या बुधवारी कुत्र्याने घोळ घातला.
याय ख्रुआवानची डावी चप्पल पळवली,
हिरवी, रबरी, पट्टा मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेला.
उरली उजवी.
तिच्यामागचे प्रयून गुरुजी उभे राहिले.
निवृत्त झालेत, पण खडू अजून बोटांत असल्यासारखे बोलतात:
"एक जोड, एक माणूस. मग अर्धा जोड म्हणजे काय?"
कुणीतरी हसलं.
म्हातारी चटईवरून उठलीसुद्धा नाही.
"डोळा एकच उरलाय, गुरुजी.
त्या एकालाच दाखवायचंय.
एक चप्पल पुष्कळ झाली."

गुरुजींनी उत्तर शोधलं, सापडेना.
मग राग वळला देउआनकडे.
तिने गल्लीभरातल्या पाच जोड आणून मांडल्या होत्या,
एकीवर तर अजून किमतीची चिठ्ठी.
"यांतले पाय कुठायत?"
"येतायत. पिकअप बंद पडलीय."
"पिकअप!" गुरुजी म्हणाले,
जणू तो शब्द त्यांनीच शिकवला होता आणि आता पस्तावत होते.
मला विचारलं, वॉचमन, तुम्ही सांगा.
मी सांगितलं, मी चोर बघतो, चपला नाही.
खोटं होतं ते.

आठला खिडकी उघडली.
पाय आले नाहीत.
त्या पाच जोडी कुणी फेकल्या नाहीत,
मागचा पुढे जाताना फक्त एकेक घर मागे ठेवत गेला,
हातानेच,
अशा त्या उलट्या चालत
दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीशी पोचल्या.
अडीचला चौघं आली, धुळीने माखलेली.
पाचवी जोड माझ्या केबिनमध्ये आहे. किमतीची चिठ्ठी तशीच.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे.
पावसाळ्यापासून मला फाटकावरचा बल्ब
दोन दिसायला लागलाय.
आणि मी रात्री एकलाच इथे असतो,
जेव्हा व्हरांड्यात कुणी नसतं.
खिडकीखाली पहिली फरशी मोकळी असते.
काल तिथे उभा राहिलो, बुटांसकट,
बराच वेळ.

शेवटी साडेचारला,
सगळे आल्यावर, सगळ्यांच्या देखत,
बूट काढले आणि टाकीजवळ ठेवले, एकतिसावे.
कुजबुज झाली. सरकारी बूट.
हात कोण लावणार?
मी मोजे घालून फाटकाची फेरी मारायला गेलो,
खडी टोचत होती, मुद्दाम सावकाश चाललो.

परत आलो तर
रांग चार घरं सरकली होती
आणि बूटही.
टोकं खिडकीकडे.
नाड्या कुणीतरी
आत खोचून ठेवल्या होत्या.